वाचकांचे प्रश्न : एक्स्ट्रॅक्शननंतर आतला नोड सापडेना

चिपच्या लेआउटमधून, म्हणजे तिच्या भौमितिक नकाशातून, काढलेल्या नेटलिस्टच्या (घटक आणि जोडण्यांच्या यादीच्या) आत डोकावायचे कसे (हे काढणे म्हणजेच एक्स्ट्रॅक्शन), या एकाच विषयावर या खेपेस बरेच प्रश्न आले, म्हणून सदराची सगळी जागा त्यालाच दिली आहे. कमांड आणि नोडची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. फाइलमध्ये ती रोमन अक्षरांतच लिहायची. टिंब, तिरकी रेघ, कोलन ही चिन्हे मात्र इथे दिसतात तशीच हवीत, कारण निम्मा घोळ त्यांचाच असतो.

प्रश्न : कंपॅरेटरच्या स्किमॅटिकवर (सर्किटच्या आकृतीवर) लॅचचा आतला नोड ‘/आय०/आय२/क्यूबी’ सहज प्लॉट होत होता. त्याच टेस्टबेंचला (चाचणीच्या सर्किटला) डीएसपीएफ (तारांचे रेझिस्टर-कपॅसिटरही लिहिलेली) नेटलिस्ट जोडली, तर स्पेक्टर हा सिम्युलेटर ‘असा नोड नाही’ असा इशारा देतो आणि आलेख रिकामा. नोड गेला कुठे?

उत्तर : नोड गेलेला नाही, त्याचे तुकडे झाले आहेत आणि पत्ताही बदलला आहे. स्किमॅटिकमध्ये नेट म्हणजे विद्युतदृष्ट्या एकच बिंदू. रेझिस्टन्ससह एक्स्ट्रॅक्शन केले की तीच तार अनेक छोट्या रेझिस्टरची साखळी होते, आणि दर सांध्यावर एक उपनोड येतो. त्या प्रत्येकाचे व्होल्टेज थोडे वेगळे. म्हणून ‘क्यूबीचे व्होल्टेज किती?’ हा प्रश्न आता अपुरा आहे. क्यूबीच्या कोणत्या टोकाशी, हे आधी ठरवावे लागते.

डीएसपीएफ फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि ‘*|नेट’ने सुरू होणाऱ्या ओळींत क्यूबी शोधा. साधारण अशी ओळ मिळेल : ‘*|नेट एक्सआय२/क्यूबी ०.००३४२पीएफ’. शेवटचा आकडा त्या नेटचा एकूण कपॅसिटन्स. आय२ आता एक्सआय२ झाला आहे, कारण स्पाइस या सिम्युलेशनच्या भाषेत सबसर्किटच्या नावाला सुरुवातीला ‘एक्स’ लागतो. त्याखाली तीन प्रकारच्या ओळी असू शकतात. ‘*|पी’ म्हणजे त्या सेलची बाहेरची पिन. ‘*|आय’ म्हणजे एखाद्या ट्रान्झिस्टरचे टोक, उदाहरणार्थ ‘*|आय (एक्सआय२/एक्सएम४:जी एक्सआय२/एक्सएम४ जी आय ० १२.४ ८.७५)’. यात क्रमाने उपनोडचे नाव, डिव्हाइस, टोक, दिशा, पिनचा कपॅसिटन्स आणि लेआउटमधले एक्स-वाय स्थान येते. ‘*|एस’ म्हणजे तारेतला मधलाच सांधा. त्याचे नाव ‘एक्सआय२/क्यूबी:१’, ‘एक्सआय२/क्यूबी:२’ असे क्रमांकाचे.

विलंब मोजायचा असेल तर सिग्नल घेणाऱ्या ट्रान्झिस्टरचे गेट निवडा. चालवणारा ट्रान्झिस्टर किती जोर लावतो हे पाहायचे असेल तर त्याचा ड्रेन. मधले ‘*|एस’ नोड सहसा घेऊ नयेत. का ते पुढच्या उत्तरात.

आता सेव्ह ओळ. टेस्टबेंचमध्ये ब्लॉकचे नाव आय० आहे, तेव्हा पत्ता ‘आय०.’ने सुरू होईल. हे टिंब खऱ्या हायरार्कीचे. त्यापुढचे सगळे एकच सपाट नाव आहे. त्यातली तिरकी रेघ पातळी दाखवत नाही, ती नावातले एक अक्षर आहे, म्हणून तिच्याआधी बॅकस्लॅश द्यायचा. कोलनच्या आधीही तसाच. पूर्ण ओळ : ‘सेव्ह आय०.एक्सआय२\/एक्सएम४\:जी’. कोलनच्या आधीचा बॅकस्लॅश विसरलात तर स्पेक्टर त्याचा अर्थ ‘या डिव्हाइसच्या जी टोकाचा प्रवाह’ असा लावतो, कारण त्याच्या भाषेत कोलन टोकाच्या प्रवाहासाठी राखलेला आहे. मग नशीब चांगले असेल तर एरर येते. नसेल तर व्होल्टेज समजून भलत्याच राशीचा आलेख बघत बसावे लागते. स्पेक्टरमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचाही भेद आहे, एनजीस्पाइस हा दुसरा सिम्युलेटर मात्र सगळे लहान करून घेतो.

फाइलच्या सुरुवातीच्या ‘*|डिव्हायडर’ आणि ‘*|डिलिमिटर’ या ओळी आधी पाहून घ्या. हायरार्कीसाठी कोणते चिन्ह आणि डिव्हाइसच्या टोकासाठी कोणते, हे तिथेच लिहिलेले असते. सगळ्या फाइलींत तिरकी रेघ आणि कोलनच असतील असे गृहीत धरू नका.

दुसरा रस्ता बॅक-ॲनोटेशनचा : स्किमॅटिकची नेटलिस्ट तशीच ठेवायची आणि डीएसपीएफमधले रेझिस्टर-कपॅसिटर सिम्युलेटरलाच तिच्यावर जोडायला सांगायचे. यात जुनी नावे बरीचशी टिकतात. पण जुळवणी न झालेल्या नेट आणि डिव्हाइसचा अहवाल वाचल्याशिवाय त्या उत्तरावर विसंबू नका. जी नेट जुळली नाही तिच्यावर पॅरासिटिक (तारांचे नको असलेले रेझिस्टर-कपॅसिटर) बसतच नाही, आणि निकाल फसवा चांगला दिसतो.

प्रश्न : ‘नेट५:१७’ हा उपनोड पकडून मेजरमेंट लिहिले होते. लेआउटमध्ये एक व्हाया (दोन मेटल थरांना जोडणारा दुवा) हलवून पुन्हा एक्स्ट्रॅक्ट केल्यावर तोच क्रमांक तारेच्या दुसऱ्या टोकाला गेला. एकदा तर १७ नावाचा नोडच नव्हता. क्रमांक कायम कसे ठेवावे?

उत्तर : ठेवता येत नाहीत. टूल तारेचे तुकडे पाडत जाते तसतसे क्रमांक वाटते. भूमिती जराशी बदलली की वाटप नव्याने होते. त्यावर आरसी रिडक्शन चालू असेल तर सिग्नलच्या वारंवारितेच्या मानाने बिनमहत्त्वाचे ठरलेले सांधे गणिताने काढून टाकले जातात. तुमचा १७ बहुधा असाच गेला.

टिकाऊ असतात ती ‘*|आय’ आणि ‘*|पी’ प्रकारची नावे, कारण ती डिव्हाइस किंवा पिनला बांधलेली असतात. मेजरमेंट त्यांच्यावरच लिहा. तारेच्या मधलाच बिंदू हवा असेल, समजा लांब क्लॉक लाइनच्या मध्यावर, तर क्रमांक हाताने लिहू नका. एक छोटी स्क्रिप्ट ठेवा : नेटचे नाव आणि हवे ते एक्स-वाय द्यायचे, तिने ‘*|एस’ ओळींतून सर्वांत जवळचा उपनोड शोधून सेव्ह ओळ लिहायची. दर एक्स्ट्रॅक्शननंतर ती आपोआप चालली पाहिजे.

आणखी एक सोय बहुतेक जण वापरत नाहीत. निवडक नेटसाठी आर आणि सी दोन्ही, बाकीच्यांसाठी फक्त सी, असे एक्स्ट्रॅक्शन करता येते. फक्त सी काढलेली नेट तुटत नाही, तिचे मूळ नाव एकच राहते. ज्या पाच-दहा नेटचा रेझिस्टन्स खरोखर महत्त्वाचा आहे त्यांनाच आरसी द्या. नावांचा गुंता कमी होतो आणि सिम्युलेशनही लवकर संपते.

प्रश्न : मॅजिक हे लेआउट टूल आणि एनजीस्पाइस वापरतो. काढलेल्या नेटलिस्टमध्ये ‘ए_एन१२०_३४०#’ अशी नावे आहेत. यातला माझा नोड कोणता? शिवाय पॅरासिटिक कपॅसिटर कधी येतात, कधी अजिबात नाहीत.

उत्तर : ज्या नोडवर लेबल नाही त्याला मॅजिक स्थानावरून नाव देते. पहिले अक्षर लेआउटच्या प्लेनचे, मग एक्स आणि वाय, मॅजिकच्या अंतर्गत एककात. ‘एन’ म्हणजे ऋण, तेव्हा एक्स उणे १२० आणि वाय ३४०. शेवटचा # हे नाव यंत्राने दिल्याची खूण. नाव माहीत असून जागा हवी असेल तर मॅजिकच्या कमांड विंडोत ‘गोटू’ आणि नोडचे नाव द्या, बॉक्स तिथे जाऊन बसतो. उलट जागा माहीत असेल तर ती तार निवडून ‘गेटनोड’ द्या, नाव मिळते.

खरा उपाय मात्र लेबलचा. हव्या त्या तारेवर, त्याच लेअरला चिकटवून, ‘क्यूबी’ असे लेबल लावा; एक्स्ट्रॅक्शनमध्ये तेच नाव येईल. लेबल रिकाम्या जागेवर किंवा वरून जाणाऱ्या दुसऱ्या मेटलवर पडले तर नोडला नाव मिळत नाही किंवा शेजारच्या तारेला मिळते, म्हणून लावल्यावर ‘गेटनोड’ने खात्री करा. लेबलच्या शेवटी उद्गारचिन्ह देऊ नका, त्याने नेट ग्लोबल होते. नुसत्या लेबलने पिन तयार होत नाही, तेव्हा सबसर्किटची पहिली ओळ आहे तशीच राहते.

कपॅसिटरचा लपंडाव कमांडच्या क्रमामुळे. ‘ईएक्सटीटूस्पाइस एलव्हीएस’ ही कमांड एलव्हीएसला (लेआउट आणि स्किमॅटिक जुळतात का, या तपासणीला) सोयीच्या सेटिंग्ज लावते आणि त्यात पॅरासिटिक कपॅसिटर वगळले जातात. म्हणून क्रम असा : ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’, ‘ईएक्सटीटूस्पाइस एलव्हीएस’, नंतर ‘ईएक्सटीटूस्पाइस सीथ्रेश ०’ (सीथ्रेश म्हणजे किती लहान कपॅसिटर लिहायचे ती मर्यादा), आणि शेवटी नुसते ‘ईएक्सटीटूस्पाइस’. सीथ्रेश आधी दिलात तर पुढची एलव्हीएस ओळ तो पुसून टाकते. रेझिस्टन्सही काढला असेल तर लेबलच्या नावापुढे ‘.टी०’, ‘.एन१’ अशी शेपटे लागतात : टी म्हणजे डिव्हाइसच्या टोकाशी, एन म्हणजे तारेतला सांधा. टी वापरा.

एनजीस्पाइसमध्ये सबसर्किट एक्स१ मधला नोड ‘एक्स१.क्यूबी’ होतो. सिम्युलेशननंतर ‘डिस्प्ले’ दिले की उपलब्ध सगळी नावे दिसतात. तिथून उतरवून घेणे अंदाज बांधण्यापेक्षा बरे. नावात तिरकी रेघ असेल, जसे ‘एक्स१.इन्व्ह_०/ए’, तर प्लॉट करताना ते दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवा, नाहीतर तो भागाकार समजला जातो.

प्रश्न : एसरॅम (मेमरी) सेलच्या एक्स्ट्रॅक्टेड नेटलिस्टमध्ये क्यू नोडला ‘.आयसी’ने (सुरुवातीचे व्होल्टेज देणाऱ्या ओळीने) १.२ व्होल्ट दिले आणि ट्रान्झिएंट (वेळेनुसार चालणारे सिम्युलेशन) ‘यूआयसी’सह चालवले. स्किमॅटिकवर सेल १ धरून ठेवतो, इथे पहिल्याच क्षणी क्यू कोसळतो. लेआउटमध्ये शॉर्ट आहे का?

उत्तर : बहुधा लेआउट ठीक आहे, सुरुवातच अर्धवट दिली गेली आहे. यूआयसी म्हटले की सिम्युलेटर डीसी ऑपरेटिंग पॉइंट काढत नाही. ज्या नोडला आयसी दिली तो त्या व्होल्टेजवर, बाकी सगळे शून्यावर. स्किमॅटिकमध्ये क्यू हा एकच नोड होता. इथे त्याचे समजा दहा उपनोड आहेत, गेटसकट एकूण कपॅसिटन्स २ फेम्टोफॅरड, आणि तुम्ही आयसी दिलेल्या उपनोडचा वाटा ०.२ फेम्टोफॅरड. म्हणजे साठवलेला चार्ज ०.२ गुणिले १.२, अर्थात ०.२४ फेम्टोकूलंब. तो तारेच्या शेकडो ओममधून इतर उपनोडवर पसरायला एक पिकोसेकंदही लागत नाही. पसरल्यावर उरते ०.२४ भागिले २, म्हणजे ०.१२ व्होल्ट. एवढ्या तुटपुंज्या व्होल्टेजवर सेल कोणत्या बाजूला पडेल ते क्यू आणि क्यूबीच्या कपॅसिटन्समधला किरकोळ फरकच ठरवतो.

यूआयसी काढून टाका. मग आयसी डीसी गणनेच्या वेळी लागू होते, नोड त्या व्होल्टेजला जबरदस्तीने धरला जातो आणि रेझिस्टरने जोडलेले सगळे उपनोड त्याच्यामागे येतात. क्यू आणि क्यूबी दोघांनाही द्या, क्यूला १.२ आणि क्यूबीला ०, आणि दोन्ही ठिकाणी समोरच्या इन्व्हर्टरच्या गेटचा ‘*|आय’ उपनोड निवडा. स्पेक्टरमध्ये हे धरणे ‘आरफोर्स’ रेझिस्टरमधून होते, त्याचे मूळ मूल्य १ ओम. सेल आधीच त्या स्थितीत असेल तर तारेतून प्रवाह जवळपास वाहत नाही आणि सगळे उपनोड समान दिसतात. एखादा ट्रान्झिस्टर विरोधात १०० मायक्रोअँपिअर ओढत असेल आणि मध्ये २०० ओम असतील, तर दूरच्या उपनोडवर २० मिलिव्होल्टचा फरक राहील. तो दिसला तर आयसी उलट्या स्थितीची दिली गेली आहे का ते तपासा.

फक्त ‘दोन स्थिर स्थितींपैकी ही निवड’ एवढेच सांगायचे असेल तर आयसीऐवजी नोडसेट (सिम्युलेटरला दिलेला सुरुवातीचा अंदाज) पुरतो. आणि यूआयसी टाळणे शक्यच नसेल, तर त्या नेटच्या सर्व ‘*|पी’, ‘*|आय’ आणि ‘*|एस’ नावांसाठी आयसीच्या ओळी स्क्रिप्टने तयार करा. एकही सुटता कामा नये.

प्रश्न : शोधाशोध टाळण्यासाठी सगळेच नोड सेव्ह केले तर?

उत्तर : हिशेब करा. २ लाख नोड, ५०,००० टाइमपॉइंट, दर आकड्याला ८ बाइट : ८० जीबी, तेही एका कॉर्नरचे (प्रोसेस, व्होल्टेज, तापमानाच्या एका संचाचे). लहान सेल असेल तर खुशाल करा. मोठ्या ब्लॉकला आधी काही नॅनोसेकंदांचे ट्रान्झिएंट सर्व नोडसह चालवून नावे पक्की करा आणि लांब सिम्युलेशनला तेवढीच यादी द्या. एनजीस्पाइसमध्ये एकही ‘.सेव्ह’ ओळ लिहिली की फक्त यादीतलेच साठवले जाते, हे विसरल्याने ‘कालपर्यंत आउटपुट दिसत होते’ अशा तक्रारी येतात. बाकीचेही हवे असतील तर ‘.सेव्ह ऑल’ जोडा.

प्रश्न : एम१ चा ड्रेन प्रवाह स्किमॅटिकच्या बरोबर चौथा हिस्सा येतो.

उत्तर : चार फिंगरचा (समांतर पट्ट्यांत विभागलेला) ट्रान्झिस्टर एक्स्ट्रॅक्शनमध्ये चार वेगळे ट्रान्झिस्टर झाला आहे. कॅलिबर या टूलच्या नेटलिस्टमध्ये एम१ च्या पाठोपाठ ‘एम१@२’, ‘एम१@३’, ‘एम१@४’ शोधा आणि चौघांची बेरीज घ्या. चारही आकडे अगदी सारखे नसतील. कडेच्या फिंगरचा फरक हा लेआउटचा खरा परिणाम आहे, तो सरासरीत बुडवू नका.

प्रश्न : आतला नोड पिन म्हणून बाहेर काढला तर सगळी कटकट मिटणार नाही का?

उत्तर : मिटते, आणि दुसरी सुरू होते. स्किमॅटिक, सिम्बॉल आणि लेआउट तिन्हीकडे पिन वाढवावी लागते, नाहीतर एलव्हीएस पोर्ट जुळत नसल्याचे सांगते. शिवाय स्पाइसमध्ये सबसर्किटची जोडणी नावाने होत नाही, क्रमाने होते. एक्स्ट्रॅक्शन टूलने ‘.सबसीकेटी’ ओळीत पिन वेगळ्या क्रमाने लिहिल्या तर व्हीडीडी सरळ आउटपुटला जाऊन बसतो आणि एरर म्हणून काही येत नाही. पुरवठ्याचा प्रवाह विचित्र दिसतो एवढेच. दर एक्स्ट्रॅक्शननंतर ती एक ओळ स्किमॅटिकच्या नेटलिस्टशी शेजारी ठेवून वाचा. स्पेक्टरमध्ये डीएसपीएफ इन्क्लुड करताना पोर्टचा क्रम स्किमॅटिकप्रमाणे ठेवण्याचा पर्याय आहे, तो वापरावा. नुसते बघायचे असेल तर पिन नकोच, लेबल पुरते. पिन हवी ती त्या नोडमध्ये काही सोडायचे असेल तेव्हा.

प्रश्न : ऑपअँपचा फीडबॅक ब्लॉकच्या आतच बंद होतो. स्किमॅटिकमध्ये आयप्रोब (लूपमध्ये बसवायचा मोजणीचा घटक) टाकून एसटीबी (लूपच्या स्थिरतेचे) विश्लेषण केले, पण एक्स्ट्रॅक्टेड नेटलिस्टमध्ये तो प्रोब नाही. पोस्ट-लेआउट फेज मार्जिन कसे काढू?

उत्तर : इथे नोड नुसता पाहून भागत नाही, तो तोडून मध्ये प्रोब बसवावा लागतो. मिडलब्रुक यांची १९७५ मधली लूप गेन मोजण्याची पद्धत असो वा एसटीबी, अट एकच : लूपचा सगळा सिग्नल प्रोबच्या एकाच बिंदूतून गेला पाहिजे. एक्स्ट्रॅक्टेड तारेत असा बिंदू शोधणे हेच खरे काम.

इनपुट ट्रान्झिस्टरचे गेट तोडावे असे पहिल्यांदा सुचते. पण तो आठ फिंगरचा असेल तर आठ ‘*|आय’ उपनोड आहेत. एकाच गेटला प्रोब लावलात तर बाकीचे सात लूप बंदच ठेवतात आणि लूप गेन भलताच येतो. आठही गेट एका नव्या नोडवर आणणे चालते. गेटमधून डीसी प्रवाह नसल्याने फारसे बिघडत नाही, पण गेटजवळच्या वाटपातला रेझिस्टन्स हिशेबातून निसटतो.

त्यापेक्षा फीडबॅकच्या तारेचे खोड पकडा : आउटपुटकडून येणारी तार फांद्या फुटण्याआधी जिथे एकटी असते तो रेझिस्टर. त्याच्या ‘*|एस’ टोकांचे एक्स-वाय लेआउटमध्ये बघून तो ओळखता येतो. नेटलिस्टच्या प्रतीत त्या रेझिस्टरच्या एका टोकाला नवे नाव द्या आणि जुन्या व नव्या नोडच्या मध्ये शून्य व्होल्टचा सोर्स ठेवा; एसटीबीला प्रोब म्हणून तो चालतो. मग तपासणी : तोच रेझिस्टर काही वेळापुरता १ टेराओम करा आणि डीसी चालवा. लूप खरोखर तुटला असेल तर आउटपुट एका रेलला (पुरवठ्याच्या टोकाला) जाऊन टेकेल. तरीही ते मधोमध शांत बसले, तर समांतर व्हाया किंवा दुसऱ्या मेटलमधून आणखी एक वाट आहे, आणि तुम्ही धरलेला रेझिस्टर खोड नव्हे.

हे दर कॉर्नरला, दर एक्स्ट्रॅक्शनला हाताने करणे वैतागाचे आहे. अशा ब्लॉकसाठी लेआउटची वेगळी प्रत ठेवावी : फीडबॅकच्या तारेला खोडाशी किमान अंतराएवढी चीर द्या, दोन्ही बाजूंना पिन लावा, स्किमॅटिकच्या प्रतीतही तशाच दोन पिना काढा आणि लूप टेस्टबेंचमध्ये प्रोबने जोडा. एलव्हीएस स्वच्छ राहते. चिरेमुळे तारेचा एखादा ओम जातो आणि चिरेच्या दोन कडांमध्ये किंचित कपॅसिटन्स येतो, तो प्रोबला वळसा घालतो, पण इतका लहान असतो की त्याचा परिणाम सहसा नगण्य राहतो. टेपआउटला (चिप बनवायला पाठवताना) मात्र मूळ, चीर नसलेला लेआउटच जाईल याची व्यवस्था सेलच्या नावातच करून ठेवा.